बारा फूट

डेटनच्या पूर्वेला, बंद पडलेल्या टायर कारखान्यामागे,
ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी साडेसातला
प्लायवुडवर दहिवर गोठलं होतं
आणि वॉल्ट कुबिचेक कुणालाच शिडीला हात लावू देत नव्हता.
"ऊन येऊ दे," म्हणाला, "घर कुठे पळून जात नाही."

आम्ही अकरा जण. फुकटचे हात.
चर्चची माणसं, कॉलेजची चार पोरं,
शाळेच्या कँटीनमधली मार्वेला टिब्स, जिचं हे घर होणार,
आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची फार्मासिस्ट,
माळ्यावरचा डबाही नवऱ्याकडून काढून घेणारी.
नलिनी त्याच्या जिभेला झेपेना. त्याने केलं नेल.
म्हणजे खिळा.
चालेल, म्हटलं. आज कामाचं नाव आहे.

पट्टे त्याने एकेकाचे स्वतः तपासले.
मांडीपाशी दोन बोटं जावीत, तीन नाही.
त्याच्या डाव्या मनगटात स्टीलची पट्टी आहे,
थंडीत ती त्याच्याआधी जागी होते.
किती उंचावरून, मी विचारलं.
"बारा फूट," एवढंच.
दोन माणसं एकावर एक उभी केली तर होतील, तेवढे.

स्कायलाइटसाठी सोडलेल्या चौकोनावर
फळी ठोकली होती, तिच्यावर लाल रंगात इशारा.
मी खाली पेन्सिलीने लिहिलं: भोक आहे.
वाचणारी मी एकटीच, पण औषधाच्या बाटलीवर
तीस वर्षं लेबलं चिकटवलेला हात,
त्याला राहवत नाही.

दुपारी मार्वेलाने राजम्याचं सूप वाढलं.
जेवून उठलो आणि लगेच तिच्या घरचे वासे मोजायला लागलो,
अगदी खरोखर, खालून, बोटाने,
कारण दोराची कडी वाशातच ठोकायची असते,
नुसत्या फळीत ठोकली तर ती फळीसकट येते.
खाल्ल्या घरचे वासे मोजणं
इतक्या प्रेमाने कुणी केलं नसेल.

मग वर. आढ्याजवळ. चार बोटांच्या अंतराने खिळे.
आणि डोक्यात, का कोण जाणे, माझी भाषा:
ऊन पडतं, थंडी पडते,
प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, विसर पडतो,
भाव पडतात, चेहरा पडतो,
आमच्याकडे काय पडत नाही?
शिंगलवरची वाळू बुटाखाली करकरते
आणि सगळी क्रियापदं उताराकडे तोंड करून बसतात.

तेवढ्यात ब्रोडीची खडूची डबी घसरली.
हातभर लांब, पन्हाळीच्या काठाशी थांबली.
त्याने हुक काढला. फक्त एका पावलापुरता.
एकोणीस वर्षांच्या माणसाला पाऊल म्हणजे पाऊलच वाटतं.

वॉल्टची शिट्टी.
ओरडला नाही. सगळ्यांना खाली बोलावलं,
ब्रोडीला सगळ्यात शेवटी, हुक लावून, पायरी पायरी.
वीस मिनिटं आम्ही उलट्या बादल्यांवर बसलो.
कॉफी निवली. कुणी बोललं नाही.
मार्वेला छपराच्या उरलेल्या अकरा ओळींकडे पाहत होती,
मग तीच म्हणाली, "मला कुणाच्या हाडांवर
छप्पर नकोय."
वॉल्टने शिट्टी गळ्यातून काढून ब्रोडीच्या गळ्यात घातली.
"आता सगळ्यांचे पट्टे तू बघ. माझ्यापासून."
पोराची बोटं थरथरत होती,
त्या म्हाताऱ्या मांडीपाशी दोन घालून पाहताना.

अंधार पडला तेव्हा चार ओळी राहिल्या होत्या.
पुढच्या शनिवारी.
घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय झालं आज?
काही नाही, म्हटलं.
त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मांडीवर पट्ट्याचे वळ होते, दोन्हीकडे, लालसर.
उद्या निळे पडतील.
पडू देत.