स्वरज्ञान, पेपर दुसरा

टिपणीस मॅडम पेटी भिंतीकडे वळवून बसतात,
बोटं दिसू नयेत म्हणून.
षड्ज देतात, थांबतात,
मग एकच पट्टी, एकदाच.
ओळखा.
आम्ही अकरा जण वहीवर वाकतो
कोपरानं उत्तर झाकत.

मी लिहिते कोमल धैवत.
होता शुद्ध.
मागच्या वर्षीही हाच राहिला होता,
म्हणून तर पुन्हा इथे, एटीकेटी घेऊन,
खिडकीतून येऊरचा डोंगर आणि
त्याच्या आड येणाऱ्या पाण्याच्या टाक्या बघत.

थिअरी येते मला. विचारा.
दहा थाट, वादी, संवादी, वर्ज्य, वक्र,
पूर्वांग कुठं संपतं,
बावीस श्रुती एका दमात:
तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती,
समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलींना हाका माराव्यात तशा.
हाका जातात.
खिडकीत कुणी येत नाही.

घरी पप्पा विचारतात, आज काय शिकवलं?
दोन स्वरांमधलं अंतर.
भाकरी मोडत म्हणतात, किती एमएम?

पप्पा वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळा,
एकतीस वर्षं मेंटेनन्सला.
एकदा डबा द्यायला गेले तर ते मोटरपाशी उकिडवे,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं.
असं तोंड मी तानपुरा लावणाऱ्यांचंच बघितलंय,
जवारी सापडते तेव्हा.
बाहेरची रेस गेलीय, म्हणाले. शनिवारपर्यंत काढेल.
म्हसकर सुपरवायझर म्हणाला, मला तर काही येत नाही ऐकू.
मीही मूठ लावली कानामागं.
घरघर. नुसती घरघर.
आणि खूप वेळानं, तिच्या तळाशी
एक बारीक ओरखडा,
दर फेरीला त्याच जागी,
समेसारखा.

या दिवाळीनंतर कंपनीनं सगळ्यांचे कान तपासले.
काचेची खोली, हेडफोन, हातात बटण.
ऐकू आलं की दाबा.
मी बाहेर बाकावर.
बाई यंत्राचं चाक फिरवत होती, कागदावर रेघ ओढत होती,
आणि पप्पांचा अंगठा
बटणावर वाट बघत होता, वाट बघत होता.
वरचे आवाज गेलेत, बाई म्हणाली. वय आणि मशीन.
बाहेर आल्यावर रिक्षात ते हसले,
म्हणाले, माझीपण एटीकेटी.
मला हसता आलं नाही.

काल रात्री मी पेटी काढली.
धैवत, धैवत, पुन्हा तोच गोंधळ.
पप्पा उठले, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर आणला,
पुसला लुंगीला,
टोक पेटीच्या लाकडावर, मूठ हाडाला.
वाजव.
वाजवला कोमल.
आता दुसरा.
वाजवला शुद्ध.
परत. परत. आई आतून ओरडली, किती वाजले!

दोन वेगळे पार्ट आहेत, शेवटी म्हणाले.
पहिला बसलेला आहे.
दुसरा उठायच्या बेतात.

पुस्तकात असं कुठंही नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.
मंगळवारी तोंडी परीक्षा आहे,
अकरा वाजता.