कुसळं

सोहोळच्या फाटकाशी पावती फाडली तेव्हा
साडेपाच वाजले होते. ऊन अजून उठायचं होतं.
वनरक्षक म्हणाला, दोन बाटल्या पाणी घ्या
आणि गुंताबाईच्या मागं मागं चाला.
पुढं नको.

एकतीस वर्षं मी कारंज्यात विजेचे मीटर वाचले.
जिन्याखालचे, दारामागचे, कोळिष्टकांतले.
आकडा नसेल तिथं काय पाहायचं
हे डोळ्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

गुंताबाई रबरी चपलेत,
मी लेकीनं पुण्याहून पाठवलेल्या बुटांत.
तिचा पाय पडतो तिथं गवत बाजूला होतं,
माझा पडतो तिथं मोडतं.
ती वळून बघत नाही,
पण मोडल्याचा आवाज तिला ऐकू येतो,
एवढं तिच्या पाठीवरून कळतं.

वैशाखातला माळ पिवळा म्हणावा तर तसाही नाही.
रोजच्या वापरातल्या सुपाचा असतो तो रंग,
कडेला जरासा करपलेला.
मध्येच एखादं हिवर,
सावली लेकराच्या झबल्याएवढी.
मी टेकायला गेलो तर म्हणाली,
"तिथं नका बसू. थे तितराची जागा हाये."

मग ती थांबली.
मीही थांबलो, का ते न कळता.
गवताच्या वर आधी शिंगं दिसली,
पिळदार, कुणी ओल्या हातानं वळल्यासारखी,
मग काळी पाठ, मग पांढरं पोट,
आणि मागं भुऱ्या माद्या, एकीमागं एक.
सवयीनं ओठ हलू लागले माझे:
सात, आठ, अकरा,
ती वाकलेली धरून बारा...

"कायले मोजता?" गुंताबाई हळूच म्हणाली.
"तुमी त्याइले मोजून रायले,
थे तुमाले केव्हाचे मोजून बसले."

बारावी होती की झुडूप होतं, अजून माहीत नाही.

पाणवठ्याच्या चिखलात लांडग्याचं पाऊल,
रात्रीचं, कडा अजून ओलसर.
त्यावरून मुंगळ्यांची रांग चाललेली,
पाऊल म्हणजे त्यांना एक दरी.
मी फोटो काढायला फोन काढला
आणि तसाच खिशात ठेवला.
उन्हात काच काळी दिसत होती,
हे एक कारण.

साडेआठला माळ तापला.
लांबचा बांध पाण्यात उभा असल्यासारखा हलू लागला.
तेव्हा तिनं दोन बोटं ओठांशी नेली
आणि तितर झाली.
शीळ नव्हे, नक्कल नव्हे,
तिच्या गळ्यात खरंच कुणी पाखरू
पदर सावरून बसलं होतं.
एकदा. पुन्हा एकदा.
आणि पल्याडच्या बोरीतून उत्तर आलं,
रागावलेलं, हक्काचं.

"माह्या आज्याची हाक हाये ही," ती म्हणाली.
"त्याच्या खांद्यावर फासे रायत.
उत्तर आलं का तो निघे."
"आणि तुम्ही?"
"उत्तर आलं का बास.
हाये म्हंते थो. तेवढं समजलं का मी घरी जातो."

परतताना आम्ही बोललो नाही.
एका बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं,
ते तिनं दोन दगडांमधल्या खळग्यात ओतलं,
कुणासाठी, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी मोजे उलटे करून
कुसळं काढत बसलो. शंभरावर असतील.
(मोजली नाहीत. अंदाज.)
एक पायरीवर पडलं होतं,
त्यावर माठाचा थेंब सांडला,
आणि ते कुसळ फिरू लागलं.
हळूहळू, पीळ उलगडत,
जुन्या मीटरची चकती
फार कमी भार असला की फिरते तसं,
टोक खाली, टोक खाली,
फरशीत माती शोधत.

मी दिवा लावला नाही.
बराच वेळ बघत बसलो.
मग तुळशीच्या कुंडीत त्याला उभं करून
बोटानं एवढंसं दाबलं.
बायको म्हणाली, हे काय लावलं?
म्हटलं, असू दे.