आईच्या वाटणीचा काढा

बाबांच्या छातीत धातूची झडप आहे.
रात्री देगूचा औषधबाजार मिटला
की ती ऐकू येते, टिक् टिक्,
गादीखाली कुणी घड्याळ विसरावं तशी.

तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून रोज एक गोळी.
ती मी देते. रस्त्यापलीकडे माझं दुकान:
पांढरे दिवे, बारकोड, रांगेचे नंबर.
अलीकडे त्यांचं: दोनशे खण, पितळी तराजू,
खणांवर आजोबांच्या हातची अक्षरं.
मधे चाळीस पावलं.
एवढ्यावरून आम्ही जेवणाचे डबे पाठवतो,
गिऱ्हाइकं नाही.

त्यांचा पालक मी मोजून देत होते.
वाटीभर जास्त झाला की ओरडत होते.
काय खाता, रोज विचारलं.
काय पिता, ते राहिलं.

नोव्हेंबरात मनगटावर जांभळा डाग.
"खणाचा कोपरा लागला."
मग पोटरीवर, वांग्याएवढा.
"म्हातारी कातडी आहे, युन-ओक. तिच्याकडे हिशेब मागू नये."
मग एका सकाळी दाढी करताना
हनुवटीवरचा नखाएवढा काप
दुपारपर्यंत थांबेना.
चार टॉवेल. टॅक्सी. रक्ताचा आकडा सहा पूर्णांक एक,
जो तीनच्या आसपास असायला हवा.

इस्पितळातल्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं,
आजोबा, आणखी काही औषध घेता?
"नाही."
खोटं नव्हतं ते.
साठ वर्षं औषध म्हणजे त्यांनी
दुसऱ्याला बांधून दिलेली पुडी.

फ्रिजमध्ये मुळ्याच्या बरणीमागे सापडली
काढ्याची तपकिरी पाकिटं, सीलबंद, तारीखवार.
फोडायच्या आधीच वास ओळखला:
ओली माती, कडसर, आणि मागून गोड.
डांगग्वी.
मी जन्मले तेव्हा बाळंतिणीला म्हणून सुरू केलेली,
मग दर हिवाळ्यात, एकेचाळीस हिवाळे, आईसाठी.

आई वसंतात गेली.

"हात आपोआप भांडं चढवतो," बाबा म्हणाले,
"चढवलं की उकळतं.
उकळलेलं ओतून द्यायला जमलं नाही."

मी चिडून बोलले, फार बोलले.
गोळीने रक्त आधीच पातळ, त्यात हे मूळ,
गोळी वाढवली तरी मरण, सोडली तरी मरण,
तुम्हाला कळायला नको?
इतक्या लोकांना विचारता, कुठली गोळी चालू आहे म्हणून!
ते म्हणाले, विचारतो.
तू विचारतेस, कुठला काढा?

माझ्या पावतीवर तो रकाना नाही.

डांगग्वी. जुन्या लिपीत दोनच अक्षरं,
अर्थ: परत यायला हवं.
लहानपणी त्यांनीच शिकवली होती, मांडीवर बसवून,
तराजूच्या पारड्यात माझं बोट ठेवून.
आता गोळ्यांच्या वहीत, आकड्यांच्या शेजारी,
त्यांनी ती कुंचल्याने लिहून दिली.
खाली बारीक: रोज एक पाकीट, सात महिने, बंद.
डॉक्टरला वाचता आली नाहीत. मी वाचून दाखवली.

भांडं अजून चढतं, कधीतरी गुरुवारी.
कुणी पीत नाही. वास तेवढा
रस्ता ओलांडून माझ्या काउंटरपर्यंत येतो.
समोर एक बाई, पिशवीत त्याच गोळ्या,
सुटे पैसे मोजत असलेली.
मी विचारते, आणि घरी काय उकळतं?
ती आधी दाराकडे बघते.
मग पैसे खाली ठेवून
बोटं मोजू लागते.