हासळीमागे

तुर्कू. फेब्रुवारी. बाहेर उणे चौदा.
हिल्काबाई गार पाण्याचं जाकीट घालून
दोन तास बसून आहेत.
कुडकुडायचं मात्र नाही,
नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एकशे बारा किलो.
तीस वर्षं जहाजाच्या भटारखान्यात
दुसऱ्यांची आमटी चाखण्यात गेली.
"साठवणीत मी कधी कमी पडले नाही,"
म्हणतात, आणि पोटावर थोपटतात
कणगीवर थोपटावं तसं.

त्या पांढऱ्या साठ्याला
तपकिरी करून
आम्ही जळायला शिकवू पाहतोय.
उंदरांना जमलं.

पडद्यावर सगळं राखाडी राखाडी.
मग हासळीच्या हाडामागे, दोन्हीकडे,
नखाएवढे पिवळे ठिपके.

"हे काय?"
तपकिरी चरबी. तान्ह्या बाळांना असते, उबेसाठी.
पुढे बहुतेकांची विझत जाते.

त्या बघतच राहिल्या.
"आई मला बाबागाडीत बाहेर निजवायची,
बर्फात. सगळ्याच आया निजवायच्या.
गाल लाल, आणि दुलईत हात घातला
तर म्हणे भाकरीसारखी गरम."

मी आकडा लिहिला. लहानच आहे.
जाकिटाचा पट्टा सोडायला गेले
तर हात धरला माझा:
थांब जरा.
अजून जळतंय ना?