आठवा आटा

नळाच्या व्हॉल्व्हची चावी म्हणजे फार काही नाही,
कमरेएवढी लोखंडी सळाख, वर आडवा दांडा,
बावीस वर्षांत माझ्या तळहाताच्या मापानं झिजलेला.
खिळ्यावरून काढून ती निकेशच्या हातात दिली
तेव्हा त्याची आई म्हणाली, "त्याले काय समजते?"
मी म्हटलं, "मले तरी कुठं समजत होतं."

खालच्या पुऱ्याला चार आटे,
टेकडीवरच्या पुऱ्याला सात.
चढावर पाणी दमतं, त्याला वेळ द्यावा लागतो.
मला हे झिबलाजीनं शिकवलं, मानेवर चापट मारून.
आटे लक्षात राहिले. चापटही राहिली.
अजून आटे मोजताना माझे ओठ हलतात,
मागं कुणी उभं असल्यासारखे.

पोराला मी एकदाच सांगितलं
आणि हात खिशात ठेवले.

तिसऱ्याच दिवशी, ऐन मे महिन्यात,
तो चावी आडवी टाकून पुलियावर मोबाइल पाहत बसला.
दोस्ताच्या गल्लीत पाणी नालीनं वाहून गेलं,
अन् टेकडीवर शेवंताबाईच्या दारासमोर
गुंड, बकेटा, तेलाचे पिपे,
सोळा भांडी रांगेत. कोरडी.

दिवेलागणीला माणसं आली.
"मी पाहतो" हे माझ्या तोंडात तयारच होतं.
शाळेची काच फुटली तेव्हा हेच म्हटलं होतं,
बोंडे सरांनी बोलावलं तेव्हा हेच,
ठाकऱ्यांच्या संत्र्यांत सापडला तेव्हाही.
सतरा वर्षं मीच पाहत आलो,
त्याला काही दिसायचं कारणच उरलं नाही.

या खेपेला म्हटलं,
"चावी त्याच्यापाशी आहे. त्यालेच इचारा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.
निकेश दारात उभा, कान लाल.
त्याच्याकडं पाहायची माझी हिंमत झाली नाही,
मी बाजेची सुटलेली दोरी आवळत बसलो.
तो "चुकलं" म्हणाला की नाही, मला ऐकू आलं नाही.
सायकलचं स्टँड सरकल्याचं ऐकू आलं.

हँडपंपावरून दोन कॅन भरायच्या, चढ चढायचा,
रिकाम्या करून परत.
सहा खेपा मी मोजल्या.
चौथ्या खेपेला चेन पडली, माझ्या डोळ्यांदेखत.
मी उठलो. चप्पल घातली.
मग चप्पल काढली.
असं बसून राहणं कुणी मला शिकवलं नव्हतं,
झिबलाजीनं तर नाहीच.

शेवंताबाईनं त्याला मन भरून शिव्या दिल्या म्हणे,
आणि त्यानंच आणलेल्या पाण्याचा गिलास पुढं केला:
"पी आधी. तोंड पाय कसं सुकलं."
हे मला तिनं सांगितलं, पंधरा दिवसांनी, बाजारात.
त्यानं कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मला जाग आली, सवयीनं.
खिळा रिकामा होता.
आमच्या भिंतीपलीकडंच व्हॉल्व्हचा खड्डा,
चावी फिरली की कुरकुरते.
अंथरुणातच मी मोजत राहिलो.
चार. थांबला.
बराच वेळ काही नाही. कोंबडा. मोटारीची घरघर.
मग पाच, सहा, सात.
मी श्वास सोडला.

आणि आठ.

चुकला, असं वाटलं. उठून ओरडणारच होतो.
मग आठवलं,
गुडघा गेल्यापासून दोन वर्षं झाली,
मी टेकडी चढलोच नाही.

उजाडल्यावर तो आला, पाय चिखलानं भरलेले.
चहा फुंकत म्हणाला,
"सातावर तिकडं धार बारीकच येते, बाबा.
वायसर झिजलं असन. कवा बदललं होतं तुमी?"

सतरा वर्षांत त्याच्या प्रत्येक प्रश्नाला
माझ्याजवळ काही ना काही उत्तर असायचं.

"ध्यानात नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, रागानं नाही,
आणि चावी खिळ्याला लावता लावता
मला विचारलं, ग्रामपंचायतीत वायसर मागायचं
तर अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा.