प आणि ह

डुलूथ गावात, बंदराच्या वरच्या अंगाला,
ताटं आवरून झाली की आयली कांगस
टेबलावर यंत्र मांडते.
बावीस-तेवीस कळा. एकीवरही अक्षर नाही.
धुतलेल्या पाटीसारख्या.

बोटं एकामागून एक पाठवायची नाहीत.
सगळी एकदम खाली, एकदम वर,
आणि कागदाच्या पट्टीवर उमटतं
एक अख्खं जोडाक्षर.

म-ची कळच नाही त्यात.
प आणि ह एकत्र दाबले की म.
(आपल्यात प-ला ह भेटला तर फ होतो.
सोयरीक तीच, पोर निराळं.)
ट, प, ह मिळून न.
त्यामुळे साधं 'नो' म्हणायलाही
तीन बोटं आणि एक अंगठा लागतो.
आयली हसली होती त्या धड्याला.
अठ्ठावीस वर्षं बेकरीत पहाटे तीनची पाळी,
नाही म्हणायला हातच कुठे मोकळे होते.

मिनिटाला साठ शब्द. ऐंशी.
एकशे चाळीसवर येऊन सात महिने अडकलीय.
कोर्टात बसायचं तर दोनशे पंचवीस हवेत.
शेजारच्या बाकावरची मारिसोल, वय एकोणीस,
पुढे निघून गेली, जाताना आपली उशी देऊन गेली
मनगटाखाली ठेवायला.

आयली सगळंच टिपते आता.
रेडिओवरचं तलावाचं हवामान,
बंदरात शिरणाऱ्या जहाजांची नावं,
रविवारी चर्चमध्ये पाद्रीबोवांचं प्रवचन, गुडघ्यावर.
चुकलं की ताऱ्याची कळ: मागचा ठोका पुसला.
ही कळ एकदा तिनं
झोपेत, गादीवर दाबली म्हणे. कशासाठी, ते सांगत नाही.

समोर तोइव्हो बसतो, तिचा बाप.
लोखंडी मातीच्या धक्क्यावर चाळीस वर्षं,
कान तिथेच राहिले.
सहा वर्षं तो जेवताना फक्त मान हलवतो,
बहुधा चुकीच्या जागी.

काल हिबिंगहून काकाचा फोन आला.
आर्व्हिड सावकाश बोलतो, मध्ये खोकतो.
आयलीनं फोन टेबलावर उताणा ठेवला,
पडदा बापाकडे वळवला,
आणि बोटं उतरवली.
गुडघा बरा आहे. मासे नाहीत यंदा. बर्फ पातळ.
खोकल्याला ठोका नव्हता, तिनं जागा सोडली.
तोइव्होनं चष्मा पुसला.
शेवटी मी ती होडी विकली रे,
त्या एली गावच्या—

"कितीला?"

आर्व्हिडचं वाक्य अजून संपलं नव्हतं.
सहा वर्षांत पहिल्यांदाच
त्यानं कुणाला मध्येच तोडलं होतं.
सवयीनं आयलीनं तेही टिपलं.
पडद्यावर आपलाच शब्द पाहून
म्हातारा जरा दचकला,
मग आणखी मोठ्यानं, "अरे, कितीला?"

तिकडून आर्व्हिड ओरडला, इकडून हा,
दोघं एकाच वेळी, होडीवरून, एका जुन्या वल्ह्यावरून,
आणि आयली, एकशे चाळीसची,
पार मागे पडली.