मागायला आलेली बाई

चिलोएच्या या बेटावर जागा बदलायची असेल
तर घरच उचलून नेतात:
खिडक्या काढायच्या, खाली ओंडके सरकवायचे,
आणि बैल जुंपून ओढायचं दुसऱ्या टेकाडावर.
मजुरी द्यायची नसते. विचारायचीही नसते.
फक्त मालकानं स्वतः दारोदार जाऊन
म्हणावं लागतं, मला तुमची गरज आहे.
तेवढंच जमत नव्हतं दोमितिला मिल्यालोंकोला.

समुद्र दर हिवाळ्यात तिच्या अंगणाचा
हातभर तुकडा खायचा.
आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं,
मग सफरचंदाचं झाड
मुळं वर करून वाळूत पडलं.
ती म्हणायची, अजून पंधरा पावलं आहेत.
पुढच्या वर्षी, अजून नऊ.

देताना लोकांचा हात आखडतो,
तिचा घेताना आखडायचा.
बटाट्यावर करपा पडला त्या साली
तिनं आमच्या दाराशी बियाण्याची तीन पोती ठेवली,
पहाटे, कुत्रंसुद्धा भुंकू नये अशी.
पुढल्या हंगामात बाबा चार पोती घेऊन गेले.
तिनं ती परत पाठवली, वर चीजचा गड्डा ठेवून.
त्यानंतर बाबा तिच्या घरावरून कधी गेले नाहीत,
किनाऱ्याच्या चिखलातून वळसा घालायचे.
मला वाटायचं, बाबा कृतघ्न आहेत.
आता वाटतं, फेडू न दिलेलं ऋण
म्हणजे आपल्या दावणीला बांधलेलं दुसऱ्याचं जनावर.
विकता येत नाही, कापता येत नाही,
वैरण मात्र रोज घालावी लागते.

ती आली मे महिन्यातल्या एका मंगळवारी,
चर्चला बांधते तो निळा स्कार्फ बांधून.
बसली नाही.
हवेबद्दल बोलली. बैलांबद्दल बोलली,
लुसेरो हल्ली लंगडतो का, म्हणाली.
मला कळलं होतं. पहिल्या वाक्यालाच कळलं होतं.
‘आणतो बैल’ एवढं मी म्हटलं असतं
तर ती सुटली असती.
मी चुलीत एक लाकूड सारलं.
मग आणखी एक.
बाबांच्या चिखलानं भरलेल्या बुटांसाठी गप्प राहिलो,
असं नंतर मी स्वतःला सांगितलं.
खरं तर मला बरं वाटत होतं.
शेवटी तिनं म्हटलं ते, जमिनीकडे बघत,
आणि मी उदार माणसाच्या आवाजात म्हणालो,
अहो, त्यात काय एवढं!

शनिवारी नऊ जोड्या आल्या.
बाउदिलियोही आला. कुंपणावरून
अकरा वर्षं ती त्याच्याशी बोलत नव्हती.
त्याच्याकडे बैल नव्हते, होडीचा जुना दोर होता.
तिनं दोराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
देणारा निवडून घेता येत नाही, हे तिला
तिथंच उभ्या-उभ्या शिकावं लागलं.
दोर बांधला गेला.
घर कुरकुरलं, मग हललं,
मोकळ्या चौकटींतून आरपार समुद्र दाखवत
निघालं गवतावरून, धुराड्यासकट,
जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं डुलत.
चढावर लुसेरो गुडघ्यांवर आला. उठला.
मी त्याच्या पाठीवर हात ठेवून क्षमा मागितली,
जी दुसऱ्याच कुणाची मागायची होती.

रात्री तिनं सगळ्यांना वाढलं: शिंपले, डुकराचं मांस,
किसलेल्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या,
सफरचंदाची आंबूस दारू.
दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा उठली
तेव्हा बाउदिलियो म्हणाला, बाई, पुरे. तुझंही ताट घे.
ती बसली.
हात कुठं ठेवावेत, तिला बराच वेळ कळेना.

परवा तिनं नातवाला पाठवलं, वाटीभर मिठासाठी.
दुकान उघडं होतं,
नव्या जागेपासून माझ्या घरापेक्षा जवळ.
मी वाटी भरली. शिगोशीग नाही, सपाट.
ती वाटी अजून परत आलेली नाही.
फडताळात तिच्या जागी
धूळ न बसलेलं एक वर्तुळ आहे,
आणि मी बायकोला सांगितलंय,
मागायची नाही.